प्रकल्प नोंदी: आढीतली भाटी

९ एप्रिल

सकाळी आढी उपसायला मांगरात (बागेतल्या खोपटात) गेलो. कोपऱ्यातला पेंढा हलला. उंदीर समजून काठी घेतली आणि टोकाने पेंढा बाजूला सारला. आत दोन पिवळे डोळे, खाली कैऱ्यांच्या घोसासारखी पोटाला लटकलेली चार पिल्लं. बाजूलाच दोन डझन हापूस, रंग धरायला लागलेले. तिने एकाही फळाला धक्का लावलेला नाही.

ही आमच्या मागच्या दारी येणारी काळी-पिवळी-पांढरी भाटी. (देवगडात मांजरीला भाटी म्हणतात. पुण्यात वीस वर्षं राहून मीही मनी म्हणायला लागलो होतो, आल्यावर आईने महिनाभरात सुधारलं.) पोट सुटलंय हे दिसत होतं, पण बंदरावर जाऊन बांगड्याची डोकी खाते म्हणून सुटलं असेल, असा माझा अंदाज.

कारखान्यात शिफ्टचं लॉगबुक भरायची सवय हाताला अजून आहे. म्हणून आंब्याची वही उलटी धरून मागच्या पानापासून हे सुरू करतोय. उद्दिष्टं तीन: पिल्लं जगवणं, घरं शोधणं, भाटीचं ऑपरेशन करून घेणं. मुदत जुलैअखेर.

नाळेचे सुकलेले तुकडे अजून पोटाला आहेत, म्हणजे दोनएक दिवसांची असावीत. भाटी खायला बाहेर गेली तेव्हा स्वयंपाकघरातला काटा आणून वजनं केली. पिवळा १२२ ग्रॅम, काळा-पांढरा ११५, तिरंगी १०९, राखाडी पट्ट्यांचं ८४. जन्मताना साधारण शंभर ग्रॅम धरतात. ८४ कमी आहे.

आई दारात उभी. "माझ्या काट्यार माजरां घालतंस? आता त्येच्यात साखर मापूची कशी?" मग लगेच, "हात लावलंस ना, आता आवस टाकून जायत."

माणसाचा हात लागला म्हणून मांजरी पिल्लं टाकत नाही. जागा सुरक्षित वाटली नाही तर हलवते. तसं आईला सांगितलं. तिने ऐकल्यासारखं केलं.

१० एप्रिल

आढी रिकामी. भाटी नाही, पिल्लं नाहीत. आंबे आहेत.

आईने काही न बोलता फक्त माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी सापडली, गोठ्याच्या माळ्यावर, मोडक्या कणगीत. "सात घरां दाखयल्याशिवाय भाटी गप रवाची नाय," आई म्हणाली. नोंद ठेवायला हरकत नाही. आढी घर क्र. १, कणगी घर क्र. २.

एक पिल्लू नेताना बघायला मिळालं. मानेची कातडी दातांत धरली की पिल्लू हातपाय पोटाशी घेऊन एकदम सैल पडतं, जणू जीवच नाही. दक्षिणेतल्या वैष्णवांत यावरून दोन पक्ष आहेत. माकडाचं पोर आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं काहीच करत नाही, आईच उचलते. भक्ताने यातलं कोण व्हावं, असा वाद. मार्जारकिशोर न्याय हा शब्द शाळेत घोकला होता, अर्थ आज कणगीपाशी कळला.

१२ एप्रिल

नावं ठेवली. हंगाम आंब्याचा, म्हणून पिवळा तो बाठा. काळ्यात पांढरा डाग असलेली साका (हापूस कापल्यावर आत निघतो तो पांढरा खराब गर; व्यापाऱ्यासमोर उच्चारू नये असा शब्द). तिरंगी पायरी. बारकं राखाडी ते देठ.

नर-मादी ओळखायची रीत: शेपटी उचलून बघायचं. नर म्हणजे विसर्ग, मादी म्हणजे अर्धविराम. बाठा विसर्ग. बाकी सगळे अर्धविराम वाटले.

१४ एप्रिल

बाठा १८०, साका १७१, पायरी १६०. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ हवी, ती आहे. देठ ८१.

देठ दूध ओढत नाही. बाकीचे तिघं त्याला बाजूला ढकलतात. पिल्लांसाठीची दूधपावडर मागवली, कुरिअर चार दिवसांनी येणार.

१५ एप्रिल

पहाटे पाचला देठ घोळक्याबाहेर पडलेलं, हाताला गार. मी घाबरून शेळीचं दूध कोमट करून ड्रॉपरने थेंब थेंब दिलं. ते गिळल्यासारखं वाटलं. सात वाजता गेलं.

कणकवलीच्या डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. या वयात अंगाची ऊब स्वतः धरून ठेवता येत नाही, गार अंगात आतडी थांबलेली असतात, दूध पचत नाही, श्वासात जाण्याचा धोका वेगळाच. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, पिल्लू हळूहळू कोमट होऊ द्यायचं, त्यानंतर पोटात काही घालायचं.

हे मी क्रम चुकवून केलं. कदाचित ते जगलं नसतंच. पण क्रम चुकला हे लिहून ठेवतो.

रायवळाच्या मुळाशी पुरलं. भाटी दोन वेळा कणगीत जाऊन मोजल्यासारखी हुंगून आली.

१८ एप्रिल

बाठाचा डावा डोळा किलकिला झाला. उजवा अजून बंद, त्यामुळे डोळा मारल्यासारखा दिसतो. पायरीचे दोन्ही अर्धे उघडे. डोळे निळे आहेत. सगळ्यांचेच सुरुवातीला असतात, दीड-दोन महिन्यांत खरा रंग येतो. आईने मात्र वाडीत सांगून टाकलं की आमच्याकडे निळ्या डोळ्यांची माजरां झालीत.

वाडीतली दुसरी चर्चा म्हणजे बापाची. खालच्या घरचा पिवळा बोका आहे, बाठा पिवळा आहे, निकाल लागला. मी खळ्यात बसून बोक्याची वकिली केली. पिवळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. नराला एकच एक्स मिळतो, तो आईकडून. बाठा नर आहे, म्हणजे त्याचा पिवळा भाटीकडून आला. बाप काळा असो, पांढरा असो, राखाडी असो, बाठाच्या रंगावरून काहीही सिद्ध होत नाही.

पायरीची गोष्ट आणखी मजेची. मादीला दोन एक्स. एकावर पिवळा, दुसऱ्यावर काळा. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी दोनातला एक एक्स बंद करून टाकते, कुठला ते ठरलेलं नसतं. म्हणून अंगावर पिवळे-काळे चट्टे. पांढरा वेगळ्या जनुकाचा. त्यामुळे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. हे पिवळं जनुक नेमकं कुठलं, ते शोधायला २०२५ साल उजाडलं. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या आणि अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते वेगवेगळं शोधलं. एक्सवर पाचएक हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, तेवढ्याने मांजर पिवळं होतं.

शेजारची काकी सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे बोको सुटलो?" सुटला नाही, पुराव्याअभावी मोकळा. शिवाय एका विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात, हे सांगितल्यावर काकी पदर तोंडाला लावून उठलीच.

२५ एप्रिल

पिसवा. पायरीचं पोट पांढरं, त्यावर मिरी सांडल्यासारख्या पळताना दिसल्या. एवढ्याशा जिवाला पिसवांनी रक्त कमी पडू शकतं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

वरच्या घरून कुत्र्याच्या गोचिडांची पावडर आली, प्रेमाने. डबा वाचला, त्यात परमेथ्रिन. कुत्र्याला चालतं, मांजराला विष. परत केली. कारण सांगितलं तर "आमचा माजर नाय मेला" हे उत्तर.

मग आईची जुनी उवांची फणी, साबणाच्या पाण्याची वाटी. बाठाला मांडीवर उताणा घेतला. मानेपासून शेपटीकडे फणी ओढायची, दातांत अडकलेली पिसू पाण्यात झटकायची, परत. पाण्यात साबण नसेल तर ती तरंगते आणि उडी मारून माझ्या हातावर येते, साबणाने बुडते. पहिल्या दहा ओढींत सतरा. हनुवटीखाली आणि शेपटीच्या मुळाशी अड्डे. बाठा आधी ओरडला, मग फणी कानामागे गेल्यावर त्याच्या छातीत काहीतरी सुरू झालं. आधी वाटलं धाप लागली. घुरघुर होती ती, आयुष्यातली बहुतेक पहिली, मध्येच अडखळणारी, थंडीत सुरू न होणाऱ्या पंपासारखी.

आई बाजूला सोलं सोलत होती. तिने हात पुसले आणि पायरीला उचललं. "माका दी ती फणी. तुका जमणा नाय."

३ मे

घर क्र. ३: कोंबड्यांचा रिकामा खुराडा. दोन रात्री. घर क्र. ४: काकीच्या पडवीतलं बाकडं. तिथून काकीनेच टोपलीत घालून आणून दिली, त्यामुळे हे घर धरायचं की नाही यावर वाद. आईच्या मते, भाटीने स्वतः नेलं तर ते घर, माणसाने परत आणलं तर तो माहेरचा फेरा.

९ मे

महिना झाला. बाठा ४७०, साका ४४५, पायरी ४१०. दुधाचे दात आले आहेत, भाटी पाजताना मध्येच उठून जाते. पिल्लं तिला चिकटलेली तशीच फरफटत दोन पावलं जातात.

वरचं खाणं सुरू. उकडलेला बांगडा काटे काढून, थोड्या मऊ भातात कालवून, सोबत मांजरांचं तयार खाणं. कच्चे मासे नाहीत. तारलीसारख्या काही कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, उकडलं की ते जातं. आणि नुसते मासे-भात खाऊन पिल्लू नीट वाढत नाही, म्हणून तयार खाण्याचा खर्च सोसायचा. आईच्या मते हे सगळं थेर. "आमच्या लानपणात माजरां काय पाकिटातला खायत?"

गाईचं दूध बंद, हा नियम भिंतीवर लिहून लावला. पोट बिघडतं.

१३ मे

आज आईने खळ्यात साठं (आंबापोळी) घातलं होतं. सहा ताटं रस, वर पातळ फडकं, चारी कोपऱ्यांना दगड. दुपारी तीनला ती बघायला गेली.

तिसऱ्या ताटावरचं फडकं एका बाजूने सरकलेलं. अर्धवट सुकलेल्या रसावर पावलं. काठावर दोन, मग मध्यापर्यंत चालत गेलेली सहा, आणि तिथे एक गोल खळगा, जिथे कोणीतरी बसलं होतं. प्रत्येक पावलात चार बोटं आणि मागची गादी, शिक्क्यासारखी स्वच्छ. बाठाच्या बुडाला रस सुकून कडक झालेला, आणि तो आमच्याकडे न बघता पंजा झटकत होता. चाटत मात्र नव्हता. मांजराला गोड चव कळतच नाही. चव ओळखणारं एक जनुकच निकामी आहे, २००५ साली हे कळलं. म्हणजे सहा ताटं गोडाची, त्यात त्याचा स्वार्थ शून्य. फक्त ऊन लागलेली, किंचित चिकट, बसायला बरी जागा.

"ह्या आता कोण खातला?"

मी म्हटलं, मी खातो. तिने खळग्यापुरतं कापून कावळ्याला टाकलं आणि बाकीचं ताट पुन्हा उन्हात ठेवलं. पावलं आहेत तशी सुकली. तो तुकडा डब्यात सगळ्यात वर आहे, पाहुण्यांना दाखवायला.

२० मे

खेळ. लिहायचं बरंच आहे, पण हात मोकळा नाही, पायरी पेनाच्या मागे आहे. पाठ कमान करून, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगवून, खेकड्यासारखी आडवी चालते आणि स्वतःच्याच चालीला घाबरून पळते. साका नारळाच्या सोडणांच्या ढिगात लपून फक्त कान दाखवतो. दाखवते. (खाली २ जून पाहा.)

शौचाचा प्रश्न: पेट्यांच्या वखारीतून लाकडाचा भुसा आणला, उथळ खोक्यात भरला. बाठा आणि साका दोन दिवसांत शिकले. पायरीने तुळशीवृंदावन निवडलं. आई देवासमोर काय बोलली ते इथे लिहीत नाही. वृंदावनाच्या मातीवर आता करवंदीच्या काटेरी फांद्या.

२४ मे

रात्री वळीव, वीज गेली. पत्र्यावर पाऊस कोसळल्यावर तिघं पहिल्यांदा एकदम थिजून उभी राहिली, कान मागे. भाटी घरात नव्हती. अकरा वाजता ती भिजून आली, एकेकाला उचलून माजघरातल्या लाकडी कपाटाच्या खालच्या खणात, आईच्या नऊवार पातळांवर नेऊन ठेवलं. पिल्लू आता अर्ध्या किलोच्या वर आहे, ती नेताना मागचे पाय जमिनीवर घासतात.

घर क्र. ५. आईने खण बंद केला नाही. सकाळी म्हणाली, पातळं तशीही जुनीच होती. त्यातलं एक मुंजीचं होतं.

२ जून

आठ आठवडे. पहिली लस. बर्फाच्या थर्मासमधून कणकवलीहून आणली. पिल्लांना नेण्यापेक्षा डॉक्टरच इकडे गुरं बघायला येणार होते, ते बरं पडलं. या लशीत तीन आजार: मांजरांचा तो जीवघेणा जुलाबाचा, आणि सर्दी-डोळ्यांचे दोन. पुन्हा चार आठवड्यांनी, तेव्हाच रेबीजची.

डॉक्टरांनी साकाची शेपटी उचलली. "हा बोका आहे." सात आठवडे मी विसर्गाला अर्धविराम म्हणत होतो. मागची पानं दुरुस्त करत नाही.

९ जून

कालपासून बंदरावर शांतता. मासेमारी १ जूनपासूनच बंद, पण शेवटच्या होड्या आता वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या. घर क्र. ६ त्यातल्याच एका होडीखाली. भाटी पिल्लांना शिकारीसाठी नेते आहे. आधी मेलेला उंदीर आणून समोर टाकायची, परवापासून अर्धमेला. बाठाने त्याला पंजा लावला, उंदीर हलला, बाठा माझ्या पायांमागे.

होडीचा मालक तांडेल म्हणाला, जाळी कोठीत रचली की पावसाळाभर उंदीर कुरतडतात, एक बोका दे. मी म्हटलं, दोन घ्या, एकटं पिल्लू रात्रभर रडतं, आणि दोघं असली की एकमेकांना चावायची मर्यादा शिकतात. तो हसला. "दोन दी, पण शाकाहारी नको."

लस पूर्ण झाल्यावर द्यायचे, असं ठरलं.

२२ जून

रात्री मागच्या पडवीत तान्ह्या मुलासारखं रडणं. पिवळा बोका हजर, आणि त्याच्यासोबत एक काळा. भाटी जमिनीला छाती लावून, शेपटी बाजूला. पिल्लं अजून मधूनमधून पितात, तरी ती पुन्हा तयार. मांजरीत समागमानंतरच बीज सुटतं, त्यामुळे गाठ पडली की बहुतेक वेळा दिवस जातातच, आणि ६३-६५ दिवसांनी पुन्हा चार. मी रात्री एकला बॅटरी घेऊन बोक्यांना हाकललं. त्याच बोक्याची एप्रिलमध्ये मी वकिली केली होती.

भाटीला न्हाणीघरात कोंडली. तिघांना बाहेरून दारावर नखं घासायला मुभा.

आईशी भांडण. "देवान दिलेला तू कशाक काढतंस?" मी म्हटलं, आये, देठ आठवतो? पुढच्या खेपेला घरं कोण शोधणार? ती गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे. माझ्या पानात सोलकढी वाढली नाही.

२७ जून

दोन आंब्याचे क्रेट तोंडाला तोंड लावून काथ्याने बांधले, आत गोणपाट. रात्रीपासून उपाशी. कणकवलीपर्यंत दीड तास भाटी एकाच सुरात ओरडली. मी माझं वजन केलं, मग तिला घेऊन, फरक ३.१ किलो. पोटात पिल्लं नव्हती, वेळेत गेलो.

डाव्या कुशीत दोन बोटांचा छेद, डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे पुन्हा कोणी पकडून पोट उघडू नये. भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला मी सांगायला विसरलो. क्रेट उघडल्यावर तिने ते उघडे, न हलणारे डोळे पाहिले आणि मटकन खाली बसली. मग भाटीच्या नाकासमोर बोट धरून बसून राहिली. अर्ध्या तासाने शेपटीचं टोक हललं.

रात्री आईने स्वतःची गोधडी न्हाणीघरात नेली. भाटीसाठी नव्हे, म्हणाली, गोधडीला वास येत होता.

१ जुलै

लस झाली. बाठा १३२०, साका १२९०, पायरी ११४०.

६ जुलै

बाठा आणि साका गेले, त्याच क्रेटमधून. तांडेलच्या बायकोने आधीच वाटी काढून ठेवली होती. बाठा कोठीत शिरताच जाळ्यांच्या ढिगावर चढून मध्ये खळगा करून बसला. बसायची जागा निवडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

पायरीला तीन घरांनी नाही म्हटलं. "भाटी नको, पिलां घालतला." ऑपरेशन करून देतो म्हटलं तरी नको.

१८ जुलै

भाटीचे टाके जिरले. घर क्र. ७ अजून नाही. ती कुठे जात नाही, कपाटाच्या खणात झोपते. खणात आधी पाचवं घर झालेलं असल्यामुळे आई ते पुन्हा मोजायला तयार नाही.

२६ जुलै

उद्यापासून तीन दिवस पुण्याला. पायरीसाठी तिथे एक घर आहे, बोलून येतो. वजन करून लिहून ठेव, असं आईला सांगितलं आहे, वही काट्याजवळ.

२८ जुलै

बाबू, तू नाय म्हणान लिवतंय. पायरी १५१०. भाटी जेवली. पाऊस खूप. पुण्याच्या माणसाक नाय म्हणान सांग. दूद दिलंय, ओरडू नको.